रात्री दहाची काचपट्टी: मुंबईत हत्तीरोग ओळखणे, त्यावर उपचार करणे आणि त्याचा माग काढणे

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एक तिशीतला जरीकाम करणारा कारागीर आमच्या प्रयोगशाळेत आला. मूळचा पूर्व उत्तर प्रदेशातला, धारावीजवळच्या एका कारखान्यात काम करून तिथेच माळ्यावर झोपणारा. लघवी अधूनमधून दुधासारखी होते, एवढीच त्याची तक्रार होती. त्याच्या फायलीत तीन अहवाल होते आणि तिन्हींवर ‘मायक्रोफायलेरिया आढळले नाहीत’, म्हणजे हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत नाहीत, असा शेरा होता. तिन्ही नमुने सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घेतलेले होते. आम्ही त्याला त्याच दिवशी रात्री साडेदहाला परत बोलावले. २० मायक्रोलिटर रक्ताच्या एका रेघेत ४६ जंत मोजले, म्हणजे मिलिलिटरमागे २,३००. आधीच्या तिन्ही प्रयोगशाळांनी काचेवर जे होते तेच लिहिले होते. चूक नमुना घेण्याच्या वेळेत होती.

या कारागिराचे दोन्ही पाय धडधाकट होते, हेही लक्षात घ्यावे. हत्तीपाय झालेल्या माणसाच्या रक्तात बहुधा जंत सापडत नाहीत, आणि ज्याच्या रक्तात ते असतात तो बहुधा रोज कामावर जाणारा, काहीच तक्रार नसलेला माणूस असतो. पायावरून रोग शोधायला निघणारा डॉक्टर म्हणूनच उशिरा पोहोचतो. हा लेख मुंबईतले जनरल प्रॅक्टिशनर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि वस्तीपातळीवर काम करणारे आरोग्यसेवक यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस संदर्भासाठी दिले आहेत. प्रत्यक्ष उपचार डॉक्टरांनी रुग्ण तपासूनच ठरवावेत.

कृमीचे घड्याळ

भारतातल्या जवळजवळ सर्व हत्तीरोग्यांत वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा कृमी असतो. ब्रुगिया मलायी हा दुसरा प्रकार मुख्यतः केरळच्या काही भागांत, पाणवनस्पतींच्या आश्रयाने वाढणाऱ्या मॅन्सोनिया डासांमार्फत पसरत आला आहे. आपल्याकडचा वाहक म्हणजे क्युलेक्स क्विन्केफॅशिएटस, गटारात आणि शौचकुपात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा आपला नेहमीचा डास.

प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांत, राहतात. मादी ८ ते १० सेंटीमीटर लांब आणि दोऱ्याइतकी बारीक असते, नर साधारण ४ सेंटीमीटरचा. त्यांचे आयुष्य सर्वसाधारणपणे ५ ते ८ वर्षे धरले जाते आणि त्या काळात मादी लाखो मायक्रोफायलेरिया, म्हणजे सूक्ष्म जंत, रक्तात सोडते. हे जंत दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. त्यांची संख्या रात्री दहा ते पहाटे दोनच्या सुमारास सर्वाधिक असते, आणि क्युलेक्सची चावण्याची वेळही साधारण तीच. डासाच्या पोटात गेलेला जंत १० ते १४ दिवसांत संसर्गक्षम अळीत बदलतो. पुढच्या चाव्याच्या वेळी ही अळी त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून स्वतः सरपटत आत शिरते. मलेरियाचा परजीवी डासाच्या लाळेबरोबर थेट आत जातो. या अळीची वाट फारच बेभरवशाची आहे. त्यामुळे हत्तीरोग होण्यासाठी दीर्घकाळ आणि पुष्कळ डास चावावे लागतात, आणि पाहुणा म्हणून आठवडाभर गेलेल्या माणसाला तो सहसा होत नाही. अळी शिरल्यापासून रक्तात जंत दिसेपर्यंत साधारण ६ ते १२ महिने जातात. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे माग काढताना तो उपयोगी पडणार आहे.

कोलकात्यात टिमोथी लुईस यांना १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात हे जंत दिसले आणि १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासात वाढताना पाहिले. मुंबईकरांच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १८८१ चा लंडनमधला स्टीफन मॅकेन्झी यांचा प्रयोग. त्यांनी रुग्णाची झोपेची वेळ उलटी केली, दिवसा झोपवले आणि रात्री जागवले, तेव्हा काही दिवसांत जंतही दिवसा बाहेरच्या रक्तात येऊ लागले. जंत भिंतीवरचे घड्याळ पाहत नाहीत, त्या माणसाची झोप पाहतात. या शहरात रखवालदार, पाववाले, कॉल सेंटरचे कर्मचारी आणि तिसऱ्या पाळीचे कामगार वर्षानुवर्षे दिवसा झोपतात. अशा माणसाचे रक्त रात्री अकराला घेऊन ‘निगेटिव्ह’ म्हणणे हे आमच्या कारागिराच्या सकाळच्या अहवालाइतकेच फसवे ठरू शकते. नमुना घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा, “तुम्ही झोपता कधी?”

संशय कोणावर घ्यावा

मुंबई हा सामुदायिक औषधोपचार मोहिमेचा, म्हणजे सगळ्या वस्तीला वर्षातून एकदा हत्तीरोगविरोधी गोळ्या देण्याच्या मोहिमेचा, जिल्हा नाही, पण शेजारचे ठाणे आणि पालघर, कोकणातला सिंधुदुर्ग आणि विदर्भातले चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर हे राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत आलेले आहेत. त्याशिवाय बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा आणि तेलंगण इथून येणारे लाखो लोक या शहरात राहतात. त्यामुळे ‘मूळ गाव’ हा रकाना भरून भागत नाही. जिल्हा कोणता, बालपण कुठे गेले, मुंबईत कोणत्या वर्षी आलात, वर्षातून किती वेळा आणि किती दिवस गावी जाता, घरात कोणाला हत्तीपाय किंवा अंडवृद्धी आहे का, हे सगळे विचारावे. मोहिमेतल्या गोळ्यांविषयीचा प्रश्न नीट शब्दांत विचारावा. “गोळ्या मिळाल्या का?” असे विचारले की बहुतेक जण हो म्हणतात, “गिळल्या का?” असे विचारले की कित्येकांना त्या फडताळातल्या डब्यात असल्याचे आठवते.

मुंबईच्या दवाखान्यात हा रोग अनेक वेशांत येतो. मांडीच्या सांध्यातली गाठ दुखून ताप येणे आणि चार-पाच दिवसांत आपोआप उतरणे, असे वर्षातून दोन-तीनदा झाले तर विचार करावा. पुरुषांत सर्वात जास्त आढळणारे रूप अंडवृद्धीचे असते आणि तेच सर्वात जास्त लपवले जाते. पत्नी किंवा मुलगा शेजारी बसलेला असताना कोणी ते सांगत नाही, म्हणून रुग्णाला एकट्याला आत घेऊन, पडदा ओढून विचारावे. लघवी दुधासारखी होणे म्हणजे लसीकेतला स्निग्ध द्रव मूत्रमार्गात उतरणे. ती भांड्यात ठेवल्यावर कधीकधी दह्यासारखी गोठते, आणि तेलकट-तुपकट जेवणानंतर जास्त पांढरी दिसते.

एक रूप मात्र इथे हमखास चुकते. रात्री कोरडा खोकला, धाप, छातीत शिट्टी वाजणे, वजन घटणे. रुग्णाला आधी दमा ठरवले जाते, मग क्षयरोगाच्या तपासण्या होतात. अशा वेळी साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३,००० च्या वर असतील तर ‘ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया’ची शंका घ्यावी. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये या आजाराचे वर्णन केले. यात शरीर जंतांवर इतकी तीव्र प्रतिक्रिया देते की ते फुप्फुसातच मारले जातात, आणि रात्रीच्या काचपट्टीतही काही सापडत नाही. इओसिनोफिल वाढण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे आतड्यातले कृमी, विशेषतः स्ट्रॉन्गिलॉइडिस. ते नाहीत याची खात्री न करता दम्यासाठी स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे आहे.

सुजलेला पाय पाहिला की तो हत्तीरोगच, असेही धरू नये. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे विकार, शिरेत गुठळी, कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांनीही पाय सुजतो. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर आधी या कारणांकडे पाहावे.

नमुना घेताना

रात्रीचा रक्तनमुना घेणे हे या सगळ्या कामाचे मर्म आहे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. साहित्य थोडे लागते: स्वच्छ, तेलकटपणा काढलेल्या काचपट्ट्या, लॅन्सेट, स्पिरिट, कापूस, २० मायक्रोलिटरची केशनळी, काच-पेन्सिल आणि चांगली विजेरी. वस्तीत जायचे असेल तर आदल्या दिवशी घरोघर सांगून यावे. रात्री साडेदहाला अनोळखी माणसे सुया घेऊन दारात उभी राहिली तर दार उघडत नाही, आणि उघडू नये हेच बरोबर. चाळीचा सेक्रेटरी, मंडळाचा कार्यकर्ता किंवा त्याच गल्लीतली आशा सेविका सोबत असली की अर्धे काम होते.

डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. ओले स्पिरिट रक्तात मिसळले तर थेंब नीट पसरत नाही. टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकावा. केशनळीने २० मायक्रोलिटर रक्त घेऊन काचपट्टीवर एक सरळ रेघ ओढावी. शक्य असेल तर अशा तीन समांतर रेघा घ्याव्यात, म्हणजे ६० मायक्रोलिटर रक्त तपासले जाते आणि जंत कमी असले तरी ते सापडण्याची शक्यता वाढते. काचेच्या कडेला क्रमांक, तारीख आणि वेळ लिहावी. वेळ नसलेली काचपट्टी मी स्वतः स्वीकारत नाही, मग ती कोणीही आणून दिलेली असो.

रक्त रात्रभर सपाट वाळू द्यावे लागते, आणि इथे मुंबईची हवा आडवी येते. जुलैत काचपट्ट्या सकाळपर्यंत वाळत नाहीत, आणि उघड्या ठेवल्या तर मुंग्या आणि झुरळे रक्त चाटून साफ करतात; आमच्याकडे एका रात्रीत पंधरा पट्ट्या अशा गेल्या आहेत. जाळीचा डबा घ्यावा, त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि दूरवरून मंद पंखा सोडावा. सकाळी पट्टी साध्या पाण्यात बुडवून हिमोग्लोबिन उतरवावे, पुन्हा वाळवावी आणि मग गिम्सा किंवा जेएसबी रंगद्रव्याने रंगवावी. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांच्या नावाचे हे भारतीय रंगद्रव्य स्वस्त आहे आणि कामाला पुरते.

सूक्ष्मदर्शकात आधी कमी शक्तीच्या भिंगाने पूर्ण रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावी. जंत सापडला की मोठ्या भिंगाखाली शेपटीकडे जावे. बँक्रॉफ्टायच्या जंताला आवरण असते, त्याची वळणे मोठी आणि सुबक असतात आणि शेपटीच्या टोकाला केंद्रके नसतात. ब्रुगिया मलायीच्या टोकाला दोन सुटी केंद्रके दिसतात, शरीर वेडेवाकडे मुडपलेले असते आणि गिम्सात त्याचे आवरण गडद गुलाबी होते. एका २० मायक्रोलिटरच्या रेघेतल्या संख्येला ५० ने गुणले की मिलिलिटरमागची घनता मिळते. ही संख्या अहवालात लिहावीच, कारण उपचारानंतर तुलना तिच्याशीच करायची असते.

रुग्ण समोर असेल तर एक थेंब काचेवर घेऊन, वर आच्छादन ठेवून लगेच पाहता येतो. लाल पेशींच्या गर्दीत जंत चाबकासारखे वळवळतात आणि आजूबाजूच्या पेशी ढकलल्या जातात. आमच्या कारागिराला मी ते दाखवले. तो बराच वेळ भिंगाला डोळा लावून होता, आणि नंतर बारा दिवसांच्या गोळ्यांपैकी त्याने एकही चुकवली नाही.

जंतांचे प्रमाण फार कमी असल्याची शंका असेल तर १ मिलिलिटर शिरेतले रक्त २ टक्के फॉर्मेलिनच्या ९ मिलिलिटर द्रावात मिसळून, सेंट्रिफ्यूज करून तळाचा साका पाहण्याची नॉट पद्धत वापरावी. रात्री नमुना घेणे अशक्यच असेल तर हत्तीरोगाचे नेहमीचे औषध डीईसी १०० मिलिग्रॅम देऊन पाऊण ते एक तासाने दिवसा रक्त घेता येते. पण पश्चिम किंवा मध्य आफ्रिकेत राहून आलेल्या माणसावर हा प्रयोग करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

दिवसा चालणारी तपासणी म्हणजे प्रतिजन, म्हणजे कृमीने रक्तात सोडलेला पदार्थ, शोधणारी फायलेरिया टेस्ट स्ट्रिप. तिला बोटातले ७५ मायक्रोलिटर रक्त पुरते आणि निकाल १० मिनिटांनी वाचायचा असतो. घड्याळ लावून बसावे. अर्ध्या तासाने पाहिलेली फिकट रेघ पॉझिटिव्ह समजू नये. ही पट्टी प्रौढ बँक्रॉफ्टायचे प्रतिजन ओळखते, ब्रुगिया ओळखत नाही, आणि उपचारानंतरही बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून पहिल्या शोधासाठी ती उत्तम, पण औषधाचा परिणाम जोखायला रात्रीची काचपट्टीच हवी. अंडवृद्धीच्या रुग्णात अल्ट्रासाऊंडमध्ये लसीकावाहिनीत वळवळणारे जिवंत कृमीही दिसतात. सोनोग्राफी करणारे डॉक्टर त्याला ‘फायलेरियल डान्स’ म्हणतात.

औषध, आणि औषधाने न होणाऱ्या गोष्टी

डायएथिलकार्बामॅझीन, म्हणजे डीईसी, १९४७ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून पुढे आले, आणि तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. रक्तात जंत असलेल्या रुग्णाला दररोज वजनाच्या किलोमागे ६ मिलिग्रॅम, तीन भागांत, जेवणानंतर, १२ दिवस, हा आपल्याकडचा रूढ क्रम आहे. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३६० मिलिग्रॅम होतात. सोबत अल्बेंडाझोल या कृमिनाशकाचा ४०० मिलिग्रॅमचा एक डोस दिला जातो. ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलियात हेच औषध दोन ते तीन आठवडे चालते, आणि बहुधा आठवड्याच्या आतच रुग्ण रात्री शांत झोपू लागतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ होऊ शकते. हा त्रास मुख्यतः मरणाऱ्या जंतांमुळे होतो आणि जितके जंत जास्त तितका तो जास्त. हे आधी सांगून ठेवले तर रुग्ण पॅरासिटामॉल घेऊन निभावून नेतो. न सांगितल्यास दुसऱ्याच दिवशी गोळ्या गटारात जातात. गर्भवती स्त्रिया, दोन वर्षांखालची मुले आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना डीईसी देऊ नये.

आफ्रिकेविषयी. मुंबईतून नोकरी-व्यापारासाठी नायजेरिया, कॅमेरून, काँगो या देशांत जाणारे बरेच आहेत. तिथे ऑन्कोसर्का आणि लोआ लोआ हे दुसरे फायलेरिया कृमी आहेत. ऑन्कोसर्का असताना डीईसी दिल्यास त्वचेवर आणि डोळ्यांत तीव्र प्रतिक्रिया होते, आणि लोआ लोआचे जंत रक्तात खूप असताना डीईसी किंवा आयव्हरमेक्टिन हे दुसरे कृमिनाशक दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. लोआचे जंत दिवसा रक्तात येतात, म्हणून अशा माणसाचे रक्त दुपारीही पाहावे. खाज आणि डोळ्यांच्या तक्रारी असतील तर त्वचेचा छोटा तुकडा तपासल्याशिवाय गोळी सुरू करू नये.

डीईसी जंत झपाट्याने कमी करते, पण प्रौढ कृमी सगळेच मरत नाहीत. कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याविना मादी वांझ होते. म्हणून निवडक रुग्णांना डॉक्टर २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दररोज ४ ते ६ आठवडे देतात. गर्भवती आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते चालत नाही.

अंडवृद्धीतले पाणी गोळ्यांनी उतरत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया आहे, आणि ती साधी व परिणामकारक आहे. सुईने पाणी काढून घेण्याचा मोह टाळावा, कारण ते पुन्हा भरते आणि संसर्गाची भर पडते. बरीच वर्षे सुजून जाड झालेल्या पायाचेही तसेच. डीईसीचा कोर्स पुन्हा पुन्हा देऊन तो पूर्ववत होत नाही. तिथे उपयोगी पडतात ते साबण, पाणी आणि चिकाटी.

पायाची काळजी

सूज झालेल्या पायाला ताप येऊन, लाल होऊन, थंडी वाजून येणारे झटके बहुतेक वेळा कृमीमुळे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यातल्या भेगा, चिखल्या, नखांच्या कडेच्या जखमा यांतून जिवाणू आत शिरतात आणि निकामी लसीकावाहिन्या त्यांना रोखू शकत नाहीत. प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी थोडा जाड होतो. झटका थांबवणे म्हणजे पाय वाचवणे.

रोज एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, पाय गुडघ्यापासून खाली साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा. घासणी, दगड, कडक ब्रश वापरू नये. हाताचा तळवा पुरतो. त्वचेच्या घड्यांत आणि प्रत्येक बेचक्यात फडक्याचे टोक घालून साबण पोहोचवावा, पाणी स्वच्छ उतरेपर्यंत धुवावे. पुढची पायरी म्हणजे कोरडे करणे, आणि ती सर्वात जास्त वगळली जाते. मऊ सुती फडक्याने टिपून, घडी उघडून, बेचक्यात कापसाची पातळ वात फिरवावी. वात ओली निघाली तर पुन्हा टिपावे. भेग असेल तिथे बुरशीविरोधी मलम लावावे. दहा बाय दहाच्या खोलीत, पाणी पहाटे तासभर येत असेल, तर एक बादली आणि एक मग एवढ्यावर हे सगळे होते. आम्ही रुग्णाला टबाऐवजी ताटलीत पाय ठेवून धुवायला शिकवतो, कारण टब ठेवायला घरात जागा नसते.

झोपताना पाय उशीवर किंवा गादीखाली विटा घालून उंच ठेवावा, बसल्या बसल्या घोटा वर-खाली हलवत राहावे आणि बोटे मोकळी राहतील अशी रुंद, पट्ट्याची चप्पल वापरावी. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेच तर घरी येताच पाय धुऊन कोरडा करावा, आणि त्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

झटका आलाच तर विश्रांती, पाय वर, गार पाण्याच्या घड्या, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविक. शेक देणे, तेल लावून चोळणे, फोड कापणे हे पूर्णपणे टाळावे. तीव्र झटका चालू असताना डीईसी सुरू करू नये.

संसर्गाचा माग

एक रुग्ण सापडला की पुढचा प्रश्न येतो: हा संसर्ग गावाहून आला की इथे झाला? मघाचे आकडे इथे कामाला येतात. मुंबईत येऊन सहा महिनेही झाले नसतील आणि रक्तात जंत असतील, तर तो तिकडूनच घेऊन आला. पंधरा वर्षांत गावी पाऊल न ठेवलेल्या माणसात जंत सापडले तर प्रौढ कृमीचे आयुष्य पाहता इथे संसर्ग झाल्याची शंका गंभीरपणे घ्यावी. पण बहुतेक लोक दरवर्षी छठ, होळी किंवा लग्नसराईला महिनाभर गावी जातात आणि उत्तर धूसर होते. सर्वात बोलका पुरावा म्हणजे मुंबईत जन्मलेले, ग्रस्त भागात कधी न राहिलेले लहान मूल. त्याची टेस्ट स्ट्रिप पॉझिटिव्ह आली तर वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे.

मोहिमेनंतर प्रसार थांबला का हे पाहणाऱ्या ‘ट्रान्समिशन असेसमेंट सर्व्हे’तही ६ ते ७ वर्षांचीच मुले निवडतात, ती याच तर्काने: त्यांच्यातला संसर्ग हा अलीकडचाच असणार. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ चा, वार्षिक सामुदायिक औषधोपचार २००४ पासूनचा आणि निर्मूलनाचे सध्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०२७ चे आहे. मोहिमेच्या किमान पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी एकूण लोकसंख्येपैकी ६५ टक्क्यांहून अधिक लोकांनी गोळ्या गिळलेल्या, आणि रक्तातला जंतुदर १ टक्क्याच्या खाली, एवढे झाले की हे सर्वेक्षण होते. नागपुरात २०१९ मध्ये डीईसी आणि अल्बेंडाझोलमध्ये आयव्हरमेक्टिनची भर घालून तीन औषधांची मोहीम सुरू झाली. आयव्हरमेक्टिनचा डोस उंची मोजून ठरतो आणि ९० सेंटीमीटरहून कमी उंचीच्या मुलाला ते देत नाहीत.

शहरातल्या एका रुग्णाच्या आसपास काम करताना, त्याच छताखाली झोपणाऱ्या प्रत्येकाचा रात्रीचा नमुना आधी घ्यावा आणि मग आजूबाजूच्या घरांकडे वळावे. कारखान्याचा माळा, बांधकामावरची पत्र्याची खोली, पाळीपाळीने एकच खाट वापरणारे कामगार, हेच इथले ‘घर’ असते. शिधापत्रिकेवरून यादी केली तर निम्मी माणसे सुटतात. तपासलेल्यांत जंत सापडलेल्यांची टक्केवारी म्हणजे जंतुदर: २४० जणांत ३ असतील तर १.२५ टक्के. मात्र एका चाळीतल्या या आकड्याची तुलना जिल्ह्याच्या १ टक्क्याच्या निकषाशी करू नये, कारण आपण मुद्दाम रुग्णाच्या भोवतीच शोधलेले असते.

डासांची बाजूही पाहता आली तर उत्तम. पहाटे सहा ते आठच्या दरम्यान, पोट भरलेल्या क्युलेक्स माद्या झोपायच्या खोलीत अडकवलेल्या कपड्यांवर, खाटेखाली, पोटमाळ्याच्या अंधारात बसलेल्या असतात. विजेरी आणि तोंडाने ओढायची नळी एवढ्यावर त्या पकडता येतात. दोघांनी तासभरात ३६ पकडल्या तर माणशी ताशी घनता १८. मग सलाइनच्या थेंबात डोके, छाती आणि पोट वेगळे करून पाहावे. पोटात नुसते जंत दिसले तर तिने कोणा बाधिताला चावले एवढेच कळते. छातीच्या स्नायूंत आखूड, सॉसेजसारखी अळी दिसली तर वाढ सुरू आहे. सुमारे दीड मिलिमीटरची, चपळ, लांब अळी डोक्यात किंवा सोंडेत दिसली, तर तो डास रोग पोहोचवायला सज्ज होता. डासांचे २०-२५ चे गठ्ठे करून पीसीआरने तपासण्याची पद्धत भरभर चालते, पण तिच्यात कृमीचा डीएनए सापडणे आणि प्रसार सिद्ध होणे यांत फरक ठेवावा.

मुंबईत डासविरोधी कामाचा भर मलेरिया आणि डेंग्यूमुळे गच्चीवरच्या टाक्या, ड्रम, कुंड्या अशा स्वच्छ पाण्यावर असतो, आणि तो योग्यच आहे. हत्तीरोगाचा डास मात्र त्या यादीत सापडत नाही. त्यासाठी तुंबलेली गटारे, उघडे चेंबर, शौचकुपाच्या फुटलेल्या झाकणांच्या फटी, इमारतींच्या तळघरातले पाणी, लिफ्टचे खड्डे पाहावे लागतात. शौचकुपाच्या वायुनळीला बारीक जाळी बांधणे हा दहा मिनिटांचा उपाय आहे. बंद टाकीत थर्माकोलच्या बारीक मण्यांचा थर पसरला तर अळ्यांना श्वास घेता येत नाही. वाहत्या नाल्यात ते वाहून जातात, तिथे वापरू नयेत. अळीनाशक फवारणी दर आठवड्याला व्हावी, कारण अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवसच लागतात.

उपचार झालेल्याची रात्रीची काचपट्टी सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा घ्यावी आणि जंत असतील तर कोर्स पुन्हा द्यावा. माणूस मध्येच गावी निघाला तर तारीख, वेळ, जंतसंख्या, दिलेले औषध आणि पुढच्या तपासणीचा महिना लिहिलेले कार्ड त्याच्या हाती द्यावे, हिंदीत.

आमच्या कारागिराच्या माळ्यावर अकरा जण झोपत होते. दहा जणांचे नमुने पहिल्याच आठवड्यात झाले. दोघांत जंत सापडले, आणि दोघांनाही काहीच तक्रार नव्हती. अकरावा गावी गेलेला होता. नोंदवहीत त्याच्या नावापुढचा रकाना दोन महिने कोरा राहिला. छठ उरकून तो परतल्याचा फोन कारागिरानेच केला, आणि रात्री पावणेअकराला आमचा तंत्रज्ञ शिडी चढून वर गेला तेव्हा तो अंथरुणावर बोट पुढे करून बसलेला होता. त्याच्या पट्टीत सात निघाले.